स्वादुपिंडातील खडा : एक दुखणे आणि त्याचे शब्द



ज्या गुरुजींच्या स्मृतिप्रीत्यर्थ हे व्याख्यान दरवर्षी योजिले जाते, त्यांच्या नावाला साजेल असे काही बोलावे, ही माझ्यावरची जबाबदारी आहे. मराठीचा निवृत्त प्राध्यापक उभा राहिला म्हणजे तो संतवाङ्मयापासून आरंभ करणार आणि नवकथेपाशी येऊन थांबणार, असा आपला समज असावा. संयोजकांनी विषयाचे बंधन घातले नव्हते. त्या मोकळिकीचा फायदा घेऊन मी आज स्वादुपिंडाच्या नलिकेत होणारे खडे आणि त्यांवरील उपचार हा विषय घेतला आहे. मी वैद्य नव्हे. माझी डॉक्टर ही पदवी शब्दांची आहे, नाडीची नव्हे. तरीही हा विषय सर्वस्वी माझ्या अधिकाराबाहेरचा आहे असे मला वाटत नाही. त्याचे कारण सांगतो.

हैदराबाद आणि मराठवाडा १९५६ पर्यंत एकाच राज्यात होते. पुढे राज्ये वेगळी झाली, सरकारी कागद वेगळ्या राजधान्यांकडे जाऊ लागले, पण नांदेड, देगलूर, उदगीर, परभणीकडचा माणूस गंभीर आजारी पडला की त्याची पावले अजूनही हैदराबादकडेच वळतात. इथे आल्यावर डॉक्टरांची तेलुगू आणि इंग्रजी त्याला कळत नाही आणि त्याची मराठी त्यांना कळत नाही. दख्खनी हिंदीवर दोघांचे कसेबसे भागते. निवृत्तीनंतर मी आणि माझ्यासारखे दोन-चार रिकामे म्हातारे अशा मंडळींसोबत दवाखान्यात दुभाषी म्हणून जाऊन बसू लागलो. त्या कामात जो आजार मला सर्वांत अधिक वेळा अडला, तो हा. अडला तो प्रामुख्याने शब्दाशी.

मुळात हा अवयव आपल्या घरच्या भाषेत नाहीच. काळीज आहे, आतडी आहेत, पाणथरी आहे. 'पित्त खवळले' असे आपण रोज म्हणतो. यकृताला आणि हृदयाला एकाच 'काळीज' शब्दात बसवण्याइतके आपण उदार आहोत. पण जठराच्या मागे, पाठीच्या कण्याला लगटून आडवी पडलेली ही वीतभरापेक्षा थोडी लहान ग्रंथी मात्र ओवीत नाही, म्हणीत नाही, शिवीतही नाही. 'स्वादुपिंड' हा शब्द पाठ्यपुस्तकातून आला. इंग्रज खाटकाच्या दुकानात या अवयवाला 'स्वीटब्रेड' म्हणतात. आपला शब्द त्या नावाच्या इतका जवळ आहे की त्याचा जन्म तिथेच झाला असावा, असा माझा तर्क आहे. ग्रीक भाषेतल्या मूळ नावाचा अर्थ तर 'सगळे मांसच', एवढाच आहे. म्हणजे ग्रीकांनाही त्यात हाड नाही, कूर्चा नाही, यापलीकडे सांगण्यासारखे काही दिसले नव्हते.

या शहरात तर एका अवयवाला पाच नावे आहेत. हिंदीत अग्न्याशय, तेलुगूत क्लोमम्, उर्दूत लबलबा, मराठीत स्वादुपिंड आणि सर्वांवर कडी करणारे पॅन्क्रियाज. यांतला तेलुगू शब्द आयुर्वेदातला आहे. चरकसंहितेत क्लोम हे कोष्ठांगांमध्ये मोजले आहे आणि उदकवह स्रोतसांचे ते एक मूळ सांगितले आहे. परंतु ते क्लोम म्हणजे नेमका कोणता अवयव, याविषयी टीकाकारांत आणि आधुनिक अभ्यासकांत अजून एकमत नाही. कोणी फुप्फुस म्हणतो, कोणी पित्ताशय, कोणी स्वादुपिंड. शब्द शिल्लक राहिला आणि वस्तू निसटली, असा हा प्रकार आहे. युरोपात नेमके उलटे घडले. १६४२ साली पादुआ येथे योहान गेओर्ग विर्सुंग या शरीरशास्त्रज्ञाला एका प्रेताच्या विच्छेदनात या ग्रंथीच्या मधून जाणारी नळी आढळली. वस्तू हातात होती, पण ती कशासाठी आहे हे त्याला उमगेना. त्याने तिचे चित्र ताम्रपटावर कोरले, त्याचे ठसे ठिकठिकाणच्या विद्वानांकडे पाठवले आणि हे काय असावे, अशी पृच्छा केली. पुढच्याच वर्षी त्याचा खून झाला. उत्तर त्याला मिळाले नाही. नळीला नाव मात्र त्याचे मिळाले.

त्या नळीचे काम आज शाळेतल्या मुलांनाही ठाऊक असते. या ग्रंथीतून दिवसाकाठी लिटर-दीड लिटर पाचकरस तयार होतो आणि नलिकेवाटे लहान आतड्याच्या आरंभीच्या भागात उतरतो. पिष्ट, प्रथिने, स्निग्ध पदार्थ या सर्वांचे पचन त्यावर अवलंबून असते. गंमत अशी की मांस पचवणारा हा रस स्वतः मांसाच्याच पिशवीत तयार होतो. म्हणून निसर्गाने तो तिथे निद्रिस्त ठेवला आहे. आतड्यात पोचल्यावर त्याने जागे व्हावे, असा संकेत आहे. तो लवकर जागा झाला की ग्रंथी स्वतःलाच पचवू लागते. असे वारंवार होत राहिले की तिची जागा वणांचे निबर ऊतक घेते, नळी कुठे आवळते, कुठे फुगते, रस घट्ट होतो, त्यात प्रथिनांच्या गुठळ्या बनतात आणि त्या गुठळ्यांवर कॅल्शियम कार्बोनेटाची पुटे चढत जातात. हाच तो खडा.

इथे माझ्या दुभाषेपणातील पहिली अडचण उभी राहिली. डॉक्टर म्हणाले 'स्टोन', मी म्हणालो 'खडा', आणि ऐकणाऱ्याच्या मनात तत्क्षणी मुतखडा उभा राहिला. देगलूरकडचे एक शेतकरी पंचविशीतल्या मुलाला घेऊन आले होते. मुलाला चार वर्षे पोटात वरच्या बाजूला कळ यायची, ती पाठीत निघायची, आणि गुडघे पोटाशी घेऊन पुढे वाकून बसले तरच थोडा आराम पडायचा. माझे भाषांतर ऐकून वडिलांचा चेहरा खुलला. ते म्हणाले, "सर, खडाच हाय न्हवं? मग कुळथाचं पानी देतो की. आमच्याकडं मुतखडे लई जनांचे पडले त्यानं." कुळथाचे पाणी झाले, पानफुटीची पाने झाली. यात फारसे भय नाही. भय पुढच्या वाक्यात होते. गावातल्या कोणा जाणत्याने मुलाला खडा पाडण्यासाठी बिअर प्यायला सांगितले होते आणि ती त्याने दोन महिने प्यायली होती.

मूत्रमार्गातला खडा भरपूर पाण्याने कधीकधी वाहून जातो, कारण प्यायलेले पाणी मूत्रपिंडातून गाळूनच बाहेर पडते. स्वादुपिंडाच्या नळीतून तसा पाण्याचा ओघ जात नाही. शिवाय मुतखडे बहुधा ऑक्झलेटाचे असतात आणि हे खडे कार्बोनेटाचे. तेव्हा पालक-टोमॅटो सोडून काही साधत नाही. पोटात घेतलेल्या कोणत्याही औषधाने हे खडे खात्रीने विरघळतात असे सिद्ध झालेले नाही. आणि मद्य हे तर या आजाराच्या प्रमुख कारणांपैकी एक. म्हणजे ज्या पदार्थाने खडा होऊ शकतो तोच पदार्थ खड्यावरचा उतारा म्हणून पोटात गेला, आणि ही सारी करामत 'खडा' या दोन अक्षरांची! भाषेचा प्राध्यापक या गोष्टीकडे तटस्थपणे कसा पाहील? तेव्हापासून मी 'खडा' म्हणण्याआधी 'मुतखडा नव्हे' असे सांगू लागलो. शब्दाच्या आधी त्याचा नकार, असे हे भाषांतर आहे.

मद्याचा उल्लेख आला म्हणून एक गोष्ट इथेच सांगतो. पाश्चात्त्य देशांत या आजारामागे मद्य मोठ्या प्रमाणावर आढळते. तंबाखू आणि धूम्रपानाचाही त्यात वाटा आहे. आपल्याकडे मात्र कधीही दारूला न शिवलेल्या माणसांना, विशेषतः तरुणांना, हा आजार होतो. त्याचे निदान झाले की नातेवाईक रोग्याकडे संशयाने पाहू लागतात. एका सत्त्वशील शिक्षकाला सासुरवाडीकडून या प्रश्नाला तोंड द्यावे लागल्याचे मी पाहिले आहे. पोटातल्या कळेपेक्षा त्या प्रश्नाने ते अधिक खचले होते.

हा दारूविना होणारा प्रकार उष्ण कटिबंधातला म्हणून ओळखला गेला, तो विसाव्या शतकाच्या मध्यावर. झुइडेमा यांनी १९५९ साली इंडोनेशियातील कुपोषित रुग्णांविषयी लिहिले. त्यानंतर केरळातील डॉ. पी. जे. गीवर्गीस यांनी या रोगाचा अफाट अभ्यास केला. त्यांचा या विषयावरचा ग्रंथ १९६८ साली मुंबईच्या पॉप्युलर प्रकाशनाने काढला, हे मला कळले तेव्हा मी चकित झालो. ज्या प्रकाशनसंस्थेची कवितासंग्रहांची आणि कादंबऱ्यांची पुस्तके मी जन्मभर शिकवली, तिच्याच कपाटात हा ग्रंथ असावा! गीवर्गीस यांनी पाहिलेल्या रोग्यांचे आयुष्य तीन टप्प्यांत संपत असे : लहानपणी पोटदुखी, वयात येताना मधुमेह आणि ऐन उमेदीत मृत्यू. केरळात टॅपिओका पुष्कळ खातात, म्हणून त्या कंदातील विषारी द्रव्यांवर बराच काळ संशय होता. आपला उपवासाचा साबुदाणा याच कंदापासून होतो, तेव्हा श्रोत्यांतील भगिनींनी दचकू नये. ज्या प्रदेशांत तो कंद खातच नाहीत तिथेही हा आजार आढळला आणि तो तर्क मागे पडला. पुढे दुसरा धागा सापडला. पाचकरसाला अवेळी जागा होऊ न देणारा एक लगाम शरीरात असतो. त्याच्या जनुकातील दोषाचा या रोगाशी संबंध २००० साली दाखवला गेला, आणि भारतीय रुग्णांत तो दोष शोधण्याचे काम आपल्याच हैदराबादेतील सेंटर फॉर सेल्युलर अँड मॉलिक्युलर बायॉलॉजी या संस्थेतील संशोधकांनी त्यानंतरच्या दशकात केले. दोष असलेल्या प्रत्येकाला रोग होतोच असे नाही, ही पुस्ती जोडायला हवी. नाहीतर 'रक्तातच आहे' म्हणून सोयरीक मोडायला आपण तयारच असतो. आज रोगाचे रूपही गीवर्गीस यांच्या काळाइतके उग्र राहिलेले नाही. तो उशिरा दिसतो आणि माणसे पुष्कळ अधिक जगतात.

आता उपचारांकडे वळतो. विमाने बनवणाऱ्या डॉर्निअर या जर्मन कंपनीत, ध्वनीहून वेगवान विमानांवर पावसाचे थेंब आदळून काय हानी होते, याचा अभ्यास चालू होता. त्यातून निघालेल्या आघातलहरींच्या ज्ञानाने १९८० साली म्युनिक येथे प्रथमच शरीर न कापता माणसाचा मुतखडा फोडण्यात आला. त्याच शहरात झाउअरब्रुख आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८७ साली स्वादुपिंडातील खड्यावर या लहरी वापरल्याचे प्रसिद्ध केले. क्ष-किरणांनी खड्याची जागा धरायची, बाहेरून हजारो लहरी त्या एका बिंदूवर एकवटायच्या आणि खड्याचा तीन मिलिमीटरहून बारीक चुरा करायचा, अशी ही रीत आहे. एका बैठकीत हे होतेच असे नाही. दोन-तीन बैठका लागतात. त्यानंतर तोंडावाटे दुर्बीण आतड्यापर्यंत नेऊन नळीचे तोंड किंचित कापतात, चुरा काढतात आणि नळी आवळलेली असेल तर तिथे बारीक प्लास्टिकची नळी ठेवतात. या दुर्बिणीच्या तंत्राचा आरंभ १९६८ चा, आणि तोंड कापण्याचे कौशल्य १९७४ साली जर्मनीत व जपानात सिद्ध झाले.

आपल्या शहराचे नाव या उपचारात जगभर घेतले जाते. एशियन इन्स्टिट्यूट ऑफ गॅस्ट्रोएंटरॉलॉजी या संस्थेतील डॉ. तंडन, डॉ. नागेश्वर रेड्डी आणि सहकाऱ्यांनी २०१० साली १००६ रुग्णांचा अनुभव प्रसिद्ध केला. सुमारे तीन-चतुर्थांश रुग्णांची नळी पूर्णपणे मोकळी झाली होती, आणि सहा महिन्यांनी तपासणीला आलेल्यांपैकी बहुतेकांचे दुखणे बरेच उणावले होते. पाच वर्षांहून अधिक काळ ज्यांचा मागोवा घेता आला, त्यांतील सुमारे ६० टक्के वेदनामुक्त होते, असे त्याच संस्थेने पुढे नोंदवले. मराठवाड्यातून आलेल्या माणसाला या आकड्यांनी धीर येतो आणि तो यावाच.

पण याच्या पुढचे सांगितले नाही तर मी अर्धेच भाषांतर केले, असे होईल. आम्ही मराठीत 'खडा काढला' म्हणतो आणि ऐकणारा 'दुखणे गेले' असे ऐकतो. या दोन वाक्यांत फार मोठे अंतर आहे. खडा हा या रोगाचे मूळ नव्हे; रोग त्या वाटेने गेला याची ती खूण आहे. नळी तुंबल्याने आतला दाब वाढतो आणि दुखते, हे खरे. परंतु वर्षानुवर्षे भाजत राहिलेल्या ग्रंथीतील मज्जातंतूही बदलतात, आणि पुढे मेंदू व मज्जारज्जू त्या वेदनेला सरावून ती स्वतःच चालू ठेवतात. मराठीत यासाठी एक नेमका शब्द आहे : सल. काटा निघाल्यावर जो राहतो तो सल. वैद्यकाला ज्याचे वर्णन करायला परिच्छेद लागतो, ते आपल्या भाषेने दोन अक्षरांत साठवले आहे. अवयवाला नाव नसलेल्या भाषेत त्याच्या वेदनेला मात्र नाव आहे.

२०२४ साली प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीने हे अंतर मोजून दाखवले, आणि ती चाचणी झाली हैदराबादेतील त्याच संस्थेत, डॅनिश संशोधकांच्या सहकार्याने. १०६ रुग्णांची, त्यांच्या संमतीने, चिठ्ठ्या टाकाव्यात तशी दोन गटांत विभागणी केली. एका गटाचे खडे लहरींनी व दुर्बिणीने खरोखर काढले. दुसऱ्या गटात उपचाराचा केवळ देखावा केला. कोण कोणत्या गटात, हे रुग्णाला ठाऊक नव्हते. बारा आठवड्यांनी खऱ्या उपचाराच्या गटात वेदना थोडी अधिक कमी झालेली दिसली, पण दहा गुणांच्या मापावर तो फरक एका गुणापेक्षाही कमी होता. चोवीस आठवड्यांनी तोही उरला नाही. ज्या संस्थेचा या उपचारावर लौकिक आहे, तिनेच त्याची अशी कठोर परीक्षा घ्यावी, ही मला मोठी प्रामाणिकपणाची गोष्ट वाटते. आपल्याच ग्रंथावर इतके निर्दय परीक्षण लिहिणारा साहित्यिक मला तरी भेटलेला नाही.

यावरून हा उपचार व्यर्थ, असा निष्कर्ष कोणी काढू नये. ज्याच्या मुख्य नळीतच मोठा खडा अडकला आहे आणि तिच्यामागे नळी फुगली आहे, त्याला त्याचा लाभ होऊ शकतो. कोणाला होईल हे आधी ओळखणे हीच आजची खरी अडचण आहे. आणि ज्याला काहीच त्रास नाही, केवळ दुसऱ्या कारणाने काढलेल्या चित्रात खडा दिसला, त्याने तो काढण्याच्या फंदात सहसा पडू नये, हा तज्ज्ञांचा संकेत आहे.

तिसरा मार्ग शस्त्रक्रियेचा. फुगलेली नळी लांबीभर उघडून खडे काढायचे आणि ती लहान आतड्याला जोडून रसाला नवी वाट करून द्यायची, ही रीत तिच्या आजच्या रूपात १९६० पासून चालत आली आहे. शस्त्रक्रिया म्हटले की आपण तिला शेवटी ठेवतो. आधी दुर्बीण, मग पुन्हा दुर्बीण, आणि सारे थकल्यावर शस्त्र. नेदरलँड्समध्ये हा क्रम तपासून पाहिला गेला. २००७ साली ॲम्स्टरडॅमच्या ३९ रुग्णांच्या चाचणीत दोन वर्षांनी दुर्बिणीच्या गटातील ३२ टक्के, तर शस्त्रक्रियेच्या गटातील ७५ टक्के रुग्णांना वेदनेपासून पूर्ण वा अंशतः आराम होता. २०२० साली ८८ रुग्णांवरील दुसऱ्या चाचणीतही, लवकर शस्त्रक्रिया झालेल्यांची वेदना टप्प्याटप्प्याने उपचार घेणाऱ्यांपेक्षा कमी राहिली. ही संख्या लहान आहे आणि ते रोगी आपल्याकडच्यांपेक्षा वेगळे आहेत. तरीही 'पोट फाडायचे नाही' हा हट्ट धरून चार वर्षे वेदनाशामक सुयांवर काढणाऱ्या माणसाला हा पर्याय वेळेवर आणि त्याच्या भाषेत सांगितला जावा, असे माझे स्पष्ट मत आहे. संमतिपत्रावर अंगठा घेणे म्हणजे संमती घेणे नव्हे.

देगलूरच्या त्या मुलाचे खडे लहरींनी फोडले. तीन बैठका लागल्या. कळा पुष्कळ कमी झाल्या, गेल्या नाहीत. निघताना वडिलांनी मला विचारले, "आता बरा झाला म्हनायचं का?" मी त्यांना सांगितले की वाट मोकळी झाली, पण ग्रंथी पहिल्यासारखी होणार नाही. त्यांनी थोडा वेळ विचार केला आणि म्हणाले, "म्हंजी बांध नीट केला, पर जमीन खारवटलेलीच." इतके अचूक भाषांतर माझ्याच्याने झाले नसते.

खारवटलेल्या जमिनीची मशागत जन्मभर करावी लागते, ती अशी. ग्रंथीचा बराच भाग निकामी झाला की स्निग्ध पदार्थ पचत नाहीत. शौच तेलकट, दुर्गंधीयुक्त होते, पाण्यावर तरंगते आणि माणूस खाऊनही वाळत जातो. आपल्याकडे ही गोष्ट बोलायची लाज, म्हणून ती डॉक्टरांपर्यंत पोचत नाही, आणि मी दुभाषी असताना ती विचारणे हे माझ्या कामातले सर्वांत संकोचाचे वाक्य असते. यावर पाचक द्रव्यांच्या कॅप्सूल मिळतात. त्या जेवणाआधी तासभर किंवा नंतर आठवण झाली तेव्हा घेऊन उपयोग नाही, घासाबरोबर घ्यायच्या. 'जेवणानंतर एक' या ठरीव भाषांतराने कित्येकांचे औषध वाया गेले आहे. ही द्रव्ये डुकराच्या स्वादुपिंडापासून काढलेली असतात. लबलबा म्हणणाऱ्या आपल्या शेजाऱ्यांना आणि स्वादुपिंड म्हणणाऱ्या शाकाहारी मंडळींना, दोघांनाही, हे आधी सांगितले पाहिजे. निर्णय मग त्यांचा. लपवून दिलेले औषध कळल्यावर बंद होते, हे मी पाहिले आहे.

मधुमेहाचेही तसेच. या आजारात साखर वाढवणारे आणि उतरवणारे अशा दोन्ही रसांचे कारखाने एकदम उद्ध्वस्त होतात. म्हणून इन्सुलिन घेणाऱ्या रोग्याची साखर एकाएकी फार खाली जाऊ शकते. घरातल्या माणसांना घाम, थरथर, भ्रमिष्टपणा ही लक्षणे ओळखता आली पाहिजेत आणि साखर हाताशी असली पाहिजे. दारू आणि तंबाखू, दोन्ही कायमची सोडायची. मराठवाड्यात तळहातावर मळलेल्या तंबाखूला कोणी व्यसन म्हणत नाही, म्हणून ती नाव घेऊन सांगावी लागते. वजन अकारण उतरू लागले किंवा दुखण्याची जात बदलली तर पुन्हा दाखवायचे, कारण या ग्रंथीत कर्करोगाचा धोका इतरांपेक्षा अधिक असतो.

आम्ही दुभाष्यांनी अशा वाक्यांचा एक चार पानी मराठी कागद तयार केला आहे. त्यात 'खडा' हा शब्द सातव्या ओळीत येतो. त्याआधीच्या सहा ओळी स्वादुपिंड कुठे असते आणि ते काय करते, याच्या आहेत. शाळेच्या कार्यालयात त्याच्या प्रती ठेवल्या आहेत. नववी-दहावीच्या मुलांनी त्या वाचून, जिथे अर्थ लागत नाही तिथे पेन्सिलीने खूण करून परत द्याव्यात, एवढी माझी विनंती आहे. दुसरी आवृत्ती त्या खुणांवरून करायची आहे.